एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसतेय, पण खरंच वाढलीय का? मेंदूचं पेट स्कॅन समजून घेऊया

माझ्या मोठ्या काकांचं मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइडच्या म्हणजे केमोथेरपीच्या गोळ्या, आणि रेडिएशन संपून महिना झाल्यावर पहिला एमआरआय काढला तर रिपोर्टमध्ये आलं की ऑपरेशनच्या जागेभोवती आधीपेक्षा जास्त भाग चमकतोय. घरात रडारड सुरू. काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टर, वाढलंय की नाही एवढंच सांगा." त्यावर ते म्हणाले, "काकू, खरं सांगतो, या फोटोवरून मला ते सांगता येणार नाही. गाठ वाढलेली असेल किंवा रेडिएशनचाच परिणाम असेल, दोन्ही सारखंच दिसतं. आपण एक पेट स्कॅन करूया, पण नेहमीचं नाही, वेगळं."

हे "वेगळं" म्हणजे काय ते तेव्हा आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही. मी डॉक्टर नाही, पण नंतर कित्येक महिने हा विषय वाचत राहिले, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं, आणि आता वाटतं की ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना हे सोप्या मराठीत कुठेतरी वाचायला मिळायला हवं. या सगळ्यातून मला एकच गोष्ट ठासून सांगायचीय, मेंदूचं पेट स्कॅन म्हटलं की "कोणतं पेट?" हे विचारायचंच. का ते खाली येतंच आहे.

आधी एमआरआय काय दाखवतो ते बघू

मेंदूतल्या रक्तवाहिन्या बाकीच्या शरीरातल्यासारख्या नसतात. त्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं जे ते मेंदूत शिरू शकत नाही. याला डॉक्टर ब्लड ब्रेन बॅरियर म्हणतात, आपण नुसतं अस्तर म्हणू. एमआरआयच्या वेळी जे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देतात ते गॅडोलिनियमचं असतं आणि ते या अस्तरातून पलीकडे जात नाही. अस्तर फाटलं असेल तरच ते झिरपतं, आणि झिरपलं की तो भाग फोटोत पांढरा चमकतो.

आता घरात भिंतीला ओल आलीय असं समजा. ओल दिसते हे नक्की, पण ती वरच्या मजल्यावरचा पाइप फुटल्यामुळे आहे की गच्चीतून पावसाचं पाणी मुरतंय त्यामुळे, हे नुसत्या डागाकडे बघून कसं सांगणार? एमआरआयचं तेच होतं. जोरात वाढणारी गाठ अस्तर फाडते, आणि रेडिएशनही अस्तर फाडतं, दोन्हीकडे कॉन्ट्रास्ट झिरपतो आणि दोन्ही डाग सारखेच दिसतात. रेडिएशन आणि गोळ्यांनंतर पहिल्या साधारण तीन महिन्यांत असं झालं आणि ते पुढे आपोआप कमी झालं तर त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, म्हणजे खोटी वाढ. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली एक जहाल गाठ, असलेल्या पेशंटमध्ये हे काही क्वचित होत नाही, काही अभ्यासांत ते ३० टक्क्यांपर्यंत दिसलंय. रेडिएशनमुळे तिथला भाग मरून जाणं, ज्याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात, ते तर कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनीही होतं.

उलटंही होतं बरं का. बेव्हासिझुमॅब नावाचं एक औषध आहे, ते गळक्या रक्तवाहिन्या सुधारतं, मग कॉन्ट्रास्ट झिरपत नाही आणि एमआरआय एकदम छान दिसतो, पण गाठ आत तशीच असू शकते. ओलीवर रंग मारला म्हणून पाइप दुरुस्त झाला असं होत नाही ना. शिवाय हळू वाढणाऱ्या बऱ्याच गाठी अस्तर फाडतच नाहीत, त्या कॉन्ट्रास्टने चमकतच नाहीत.

म्हणजे गाठ कुठे आहे, केवढी आहे, कशाला चिकटलीय, किती दाबतेय हे एमआरआय अप्रतिम दाखवतो, त्याला पर्याय नाही. पण त्या डागात जिवंत, वाढणाऱ्या पेशी आहेत का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथेच नेहमीचा एमआरआय अडतो.

पेटमध्ये नक्की होतं काय

(हिंदीतल्या पेटशी, म्हणजे आपल्या पोटाशी, याचा काही संबंध नाही. आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी विचारलं होतं की डोकं दुखतंय तर पोटाचा फोटो कशाला, म्हणून सांगितलं.)

पेशींना रोज लागणारा एखादा पदार्थ घ्यायचा, म्हणजे साखर किंवा अमिनो अ‍ॅसिड, त्याला किंचित किरणोत्सर्गी अणू जोडायचा आणि तो शिरेतून द्यायचा. या खुणेच्या पदार्थाला ट्रेसर म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गोम त्यातच आहे. ज्या पेशी तो पदार्थ जास्त ओढतात तिथे ट्रेसर साठतो. तिथला अणू फुटला की पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो, तो लगेच शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नष्ट होतात आणि बरोब्बर विरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात. डोक्याभोवतीच्या मशीनच्या कड्यात ते दोन्ही एकाच क्षणी पकडले गेले की मशीनला कळतं, हे दोघं याच रेषेवर कुठेतरी जन्मले. अशा लाखो रेषा गोळा झाल्या की कॉम्प्युटर सांगतो जास्त माल कुठे साठलाय.

एखाद्या घरात कोणी राहतंय का हे बाहेरून बघून कळत नाही, पण विजेचं मीटर पळतंय का बघितलं की कळतं. एमआरआय घराचा फोटो काढतो, पेट मीटर वाचतं. म्हणून याला मेटाबॉलिक इमेजिंग म्हणतात, पेशींचं खाणंपिणं बघणारी तपासणी.

नेहमीचं साखरेचं पेट मेंदूत का फसतं

आपण कॅन्सरसाठी "पेट स्कॅन सांगितलंय" असं जे ऐकतो ते बहुतेक वेळा एफडीजी पेट असतं. एफडीजी म्हणजे ग्लुकोजचा जुळा भाऊ. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिल्या पायरीवर त्याला शिक्का मारते, पण पुढे तो पचत नाही आणि शिक्का बसल्यामुळे बाहेरही पडता येत नाही, तिथेच अडकतो. कॅन्सरच्या पेशी साखर बकाबका खातात हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं होतं, त्याचाच हा उपयोग.

आणि गंमत बघा, एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं ते मेंदू बघायलाच. ऑगस्ट १९७६ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. ट्रेसर न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत बनला आणि तिथून छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला पोचवला, कारण वेळ घालवून चालणारच नव्हतं. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेतच जोव्हानी दि किरो यांच्या टीमने दाखवलं की मेंदूची गाठ जितकी आक्रमक तितकी ती जास्त साखर ओढते. म्हणजे मेंदूच्या ट्यूमरपासूनच या तपासणीची वाटचाल सुरू झाली म्हटलं तरी चालेल.

मग अडचण काय? अडचण अशी की आपला मेंदू स्वतःच साखरेवर चालतो. वजन शरीराच्या साधारण २ टक्के आणि खप मात्र सगळ्या ग्लुकोजच्या सुमारे २० टक्के. त्यामुळे एफडीजी दिल्यावर अख्खा मेंदूच उजळतो. दिवाळीत लक्ष्मी रोडवर उभं राहून कोणत्या दुकानाने एक माळ जास्त लावलीय ते शोधायला सांगितलं तर जमेल का? तसंच. हळू वाढणारी गाठ तर बाजूच्या निरोगी मेंदूपेक्षा कमीच उजळते. आणि रेडिएशननंतर तिथे साफसफाई करायला आलेल्या सूजेच्या पेशीपण साखर खातात, त्या उगाच गाठीसारख्या दिसतात.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते, हात जोडून सांगते, लक्ष द्या. फुफ्फुसाचा किंवा ब्रेस्टचा कॅन्सर असलेल्या पेशंटचं होल बॉडी पेट झालं आणि रिपोर्टमध्ये मेंदूबद्दल काही वाईट लिहिलेलं नाही, म्हणून मेंदू क्लिअर आहे असं धरून चालू नका. एकतर अनेक ठिकाणी ते स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीपर्यंतच करतात, आणि डोकं घेतलं तरी त्या झगमगाटात बारीक गाठ लपून जाते. डॉक्टर मेंदूचा एमआरआय वेगळा सांगतात तो खर्च वाढवायला नाही, याच कारणासाठी.

एफडीजी मेंदूत एकदम टाकाऊ आहे असंही नाही. मेंदूचा लिम्फोमा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, साखरेचा इतका खादाड असतो की तो त्या झगमगाटातही उठून दिसतो.

अमिनो अ‍ॅसिडवालं पेट: लोडशेडिंगमधला एकच दिवा

आता ते "वेगळं" पेट. पेशी वाढायची तर प्रोटीन लागतं आणि प्रोटीन अमिनो अ‍ॅसिडचं बनतं. बिल्डिंग बांधायची तर विटा-वाळू दारात येऊन पडतेच. गाठीच्या पेशी अमिनो अ‍ॅसिड आत घ्यायला आपल्या भिंतीवर जास्तीची दारं बसवून ठेवतात, आणि निरोगी मेंदू मात्र अमिनो अ‍ॅसिड त्यामानाने बेताचंच घेतो. म्हणजे बाकी सगळीकडे अंधुक आणि गाठ तेवढी उजळ. लोडशेडिंगमध्ये अख्खी गल्ली अंधारात असताना एकाच घरात इन्व्हर्टर चालू असला की कसं लांबून कळतं, तसं.

आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे अमिनो अ‍ॅसिड आत जायला अस्तर फाटावं लागत नाही, ते धड अस्तरातूनही दारांमधून जातं. त्यामुळे कॉन्ट्रास्टने न चमकणारी गाठही दिसू शकते, आणि एमआरआयमध्ये जेवढी दिसते त्याच्याही पलीकडे पसरलेली कड दिसू शकते.

यात मुख्य ट्रेसर तीन. मेथिओनिन सगळ्यात जुना, पण त्याच्यातला कार्बनचा अणू २० मिनिटांत निम्मा संपतो, त्यामुळे सायक्लोट्रॉन म्हणजे हे अणू बनवायचं मशीन हॉस्पिटलच्या आवारातच किंवा अगदी शेजारी लागतं. दुसरा एफईटी, यात फ्लोरिन असतं, ते ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे गाडीने दुसऱ्या हॉस्पिटलला नेता येतं. तिसरा एफडोपा, जो पार्किन्सनच्या तपासणीतही वापरतात, पण तो मेंदूच्या आतल्या काही निरोगी भागांतही मुळातच साठतो, त्यामुळे गाठ तिथेच असेल तर गोंधळ होतो.

काकांचं एफईटी झालं. रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकडा असतो तो गुणोत्तराचा, म्हणजे संशयाच्या भागात ट्रेसर किती आणि समोरच्या बाजूच्या निरोगी मेंदूत किती. एफईटीमध्ये साधारण १.६ पटीच्या वरचा भाग गाठीचा धरून तिची हद्द आखतात. शिवाय इंजेक्शन दिल्यापासून ४० मिनिटं सलग स्कॅन केलं तर ट्रेसर कसा चढतो तेही बघता येतं. सावकाश चढत राहिला तर बरं, पहिल्या २० मिनिटांत झटकन चढून उतरायला लागला तर गाठ आक्रमक असण्याची शक्यता जास्त. मला हे वाचून फार आश्चर्य वाटलं होतं, की नुसतं किती खातंय एवढंच नाही तर कोणत्या वेगाने खातंय यावरूनही स्वभाव कळतो.

मेंदूच्या ट्यूमरसाठी काम करणाऱ्या रानो आणि युरोपातल्या ईएएनओ या तज्ज्ञांच्या गटांनी २०१६ मध्येच लिहून ठेवलंय की ग्लायोमासाठी, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींसाठी, एफडीजीपेक्षा अमिनो अ‍ॅसिड पेट सरस. २०२४ मध्ये रानोने पेटवरून उपचाराला प्रतिसाद कसा मोजायचा याचे वेगळे नियमही काढले.

मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, त्याचं अजून वेगळं. त्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन हार्मोनची कुलपं असतात, त्यात बसणारी किल्ली म्हणजे डोटाटेट नावाचा ट्रेसर. ऑपरेशननंतर हाडाजवळ गाठीचा तुकडा राहिलाय का नुसता व्रण आहे हे त्याने चांगलं कळतं.

याचा पेशंटला उपयोग कुठे होतो

सुरुवातीला बायोप्सी कुठून घ्यायची हे ठरवायला. गाठ सगळीकडे सारखी नसते, एका कोपऱ्यात सौम्य आणि दुसऱ्या कोपऱ्यात जहाल असू शकते, आणि सुई सौम्य कोपऱ्यात गेली तर रिपोर्ट सौम्य येतो, उपचारही मग सौम्यच ठरतो. पेटमध्ये जिथे सगळ्यात उजळ तिथून तुकडा घेतला तर ही चूक टळते. रेडिएशनची हद्द आखायलाही मदत होते.

पण सगळ्यात जास्त उपयोग आमच्यासारख्या प्रसंगात, उपचारानंतर. कारण इथे चुकीचा अंदाज दोन्हीकडून महागात पडतो. खोट्या वाढीला खरी समजलं तर चांगलं काम करत असलेलं औषध बंद होतं, कदाचित नको असलेलं दुसरं ऑपरेशन होतं. खऱ्या वाढीला खोटी समजलं तर हातातले आठवडे वाया जातात.

काकांच्या त्या भागात ट्रेसर फार कमी साठला होता. ट्यूमर बोर्डाने, म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, औषधवाले, न्यूक्लिअर मेडिसिनवाले सगळे एकत्र बसतात त्या मीटिंगने, ठरवलं की गोळ्या चालूच ठेवायच्या आणि दोन महिन्यांनी परत एमआरआय. दोन महिन्यांनी तो डाग लहान झाला होता.

मग बायोप्सीच का नाही करत?

हा प्रश्न मीच विचारला होता. शेवटचा शब्द बायोप्सीचाच असतो हे खरं, पण नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस, त्यात गाठ बोलण्याच्या किंवा हातापायाच्या भागाजवळ, दरवेळी शंका आली की कवटीला भोक पाडणार का? आणि रेडिएशननंतरच्या तुकड्यात मेलेल्या आणि जिवंत पेशींची मिसळ असते, तुकडा नेमका मेलेल्या भागातला आला तर तोही फसवतो.

पेट फसत नाही का?

फसतं, आणि हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. हळू वाढणाऱ्या ग्लायोमांपैकी बऱ्याच, साधारण चारातली एक, एफईटीमध्ये उजळतच नाहीत. म्हणजे पेट निगेटिव्ह आलं म्हणून गाठ नाही किंवा साधीच आहे असं म्हणता येत नाही. काही मिलिमीटरच्या गाठी हुकतात. दुसऱ्या बाजूने, मेंदूतला पू, काही प्रकारची सूज, आणि नुकतीच आलेली फिट यांनीही भाग उजळू शकतो. म्हणून स्कॅनच्या आधीच्या दिवसांत फिट आली असेल तर ते सांगायलाच हवं, फॉर्मवर विचारलं नसलं तरी. बहुतेक घरांत हे राहून जातं कारण आपल्याला वाटतं फिटचा आणि स्कॅनचा काय संबंध.

यामुळे आयुष्य वाढतं का?

अवघड प्रश्न. जर्मनीत ग्लायोब्लास्टोमा परत आलेल्या २०० पेशंटवर एक ट्रायल झाली, निम्म्यांचं दुसऱ्यांदा रेडिएशन एमआरआय बघून आखलं आणि निम्म्यांचं एफईटी पेट बघून. गाठ परत वाढायला लागलेल्या वेळात फरक पडला नाही. म्हणजे पेट हे औषध नाही, ते नीट बघायला मदत करतं, आणि नीट दिसलं तरी त्या आजारावर आपल्याकडची हत्यारं अजून कमी आहेत. तरीही नको ते ऑपरेशन टळणं आणि चालणारं औषध चालू राहणं याला मी कमी मानत नाही, आमच्या घराने ते दोन महिने जगून बघितलेत.

किरणोत्सर्गी इंजेक्शन, धोका नाही का?

मेंदूच्या एफडीजी किंवा एफईटी पेटमधून साधारण ३ ते ४ मिलिसिव्हर्ट एवढा डोस मिळतो. जमीन, हवा, अन्न यातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसाही मिळतच असतो, म्हणजे दीड वर्षाचं एका दिवसात झालं असं समजा. फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी जवळजवळ काही उरत नाही. भरपूर पाणी प्यायचं आणि त्या दिवशी काही तास लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ घेऊन बसायचं नाही. पेशंट स्वतः गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर आधीच सांगायचं.

कॅन्सर साखर खातो, मग साखर बंद करू का?

व्हॉट्सअ‍ॅपवर हे सारखं फिरतं आणि त्यात पुरावा म्हणून पेटचाच फोटो असतो. पण त्याच फोटोत निरोगी मेंदूही तितकाच उजळलेला असतो हे कोणी सांगत नाही. चहातली साखर, भात, पोळी सगळं बंद केलं तरी लिव्हर ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी धरून ठेवतं, गाठ उपाशी राहत नाही. उपाशी राहतो तो पेशंट. काकूंनी आठवडाभर काकांची खीर बंद केली होती, वजन उतरलं, डॉक्टर रागावले. डायबेटिस असेल किंवा स्टेरॉइडमुळे शुगर वाढली असेल तर ती सांभाळायची, ते वेगळं. एफडीजीच्या आधी चार-सहा तास उपाशी ठेवतात ते मात्र पाळायचं, कारण रक्तात साखर जास्त असेल तर ट्रेसरला आत जायला जागा मिळत नाही. एफईटीलाही साधारण चार तास उपाशी राहायला सांगतात.

हे सगळं आपल्याकडे मिळतं का

भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन मुंबईतच, परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये आला. आता एफडीजी पेट मोठ्या शहरांत सहज होतं. एफईटी मात्र मोजक्या ठिकाणी, मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये होतं. बऱ्याच सेंटरमध्ये ते ठरलेल्या दिवशीच बनतं, कारण दोन पेशंटसाठी अख्खी बॅच बनवायची कोणाला परवडत नाही. आणि एकदा बनलं की घड्याळ सुरू. साडेतीन-पावणेचार तास गाडी घाटात अडकली तर पाव हिस्साच उरला. म्हणून "बरोब्बर ११ ला या" म्हणाले तर ११ लाच जायचं, तुमच्या नावाचा डोस दुपारपर्यंत थांबत नाही.

जाताना आधीच्या सगळ्या स्कॅनच्या सीडी न्यायच्या, नुसते कागदी रिपोर्ट नाहीत, कारण पेटचा फोटो एमआरआयवर ठेवूनच वाचतात आणि आधीचा काय होता ते बघावं लागतं. आमची ऑपरेशननंतरची सीडी घरीच राहिली होती. चुलतभाऊ तसाच उलट पावली कल्याणला गेला, कपाटातून सीडी काढली आणि डॉक्टर फोटो वाचायला बसायच्या आत परत आला, घामाने निथळत, सीडी शर्टाच्या आत धरून.